शरीरसंपदा आणि खर्चाचा हिशेब

शुभवर्तमानात एक लहानसा दृष्टांत आहे. ज्या मनुष्यास बुरूज बांधावयाचा असतो, तो प्रथम खाली बसून खर्चाचा अंदाज घेतो आणि काम तडीस नेण्यापुरते द्रव्य आपल्यापाशी आहे की नाही हे पाहतो. तसे न पाहिले तर पाया घालूनच काम थांबते आणि येणारे-जाणारे हसतात. प्रभूने हा दृष्टांत शिष्यत्वाविषयी सांगितला, शरीराविषयी नव्हे, हे मी जाणतो. तथापि गेल्या वर्षभरात तो माझ्या मनात वारंवार येत राहिला, आणि त्याचे कारण आमच्या घरात चाललेली दोन लहान बांधकामे होत. एकात पाडावयाचे होते, दुसऱ्यात उभारावयाचे होते. पाडावयाची होती माझ्या पोटावरील चरबी. उभारावयाचे होते आमच्या चिरंजिवांचे दंड आणि छाती. विद्यार्थिमित्रांनो, आणि त्यांच्या पालकहो, ह्या दोन्ही कामांचा जमाखर्च आज आपणांपुढे मांडावा असा विचार आहे.

प्रथम माझे प्रकरण सांगतो. माझे वय ४६, उंची १७२ सेंटिमीटर. गतवर्षी डॉक्टरांनी तपासले तेव्हा वजन ७६ किलो भरले, कमरेचा घेर ९८ सेंटिमीटर निघाला आणि उपाशीपोटी रक्तातील साखर ११२ आली. शंभराच्या आत असावी ती साखर. १२६ झाली की मधुमेह म्हणतात. मी ह्या दोहोंच्या मध्ये, म्हणजे त्या व्याधीच्या अंगणात उभा होतो. ही व्याधी आमच्या घरास अपरिचित नाही. माझ्या वडिलांनी तिच्याबरोबर अठरा वर्षे काढली. त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटे तिने नेली. शेताच्या बांधावरून कोसभर चालून येणारा तो मनुष्य अखेरच्या दिवसांत ओसरीवरून अंगणात उतरण्यास माझा खांदा मागत असे. तेव्हा माझा प्रश्न शोभेचा नव्हता.

चिरंजिवांचे प्रकरण निराळे. वय १५, वजन ४७ किलो, अंगकाठी बारीक. २०२५ च्या आरंभी आपल्या अहिल्यानगरात महाराष्ट्र केसरीची कुस्ती झाली आणि पृथ्वीराज मोहोळ यांनी ती गदा जिंकली, हे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ते पाहून आमच्या घरातील मल्लाने निश्चय केला की, शाळेचे स्नेहसंमेलन दहा आठवड्यांवर आहे, तेवढ्यात आपली छाती सदऱ्यात मावेनाशी झाली पाहिजे. मोबाइलवर कोणी तरी सांगितले होते म्हणून त्याने भाकरी टाकली, आणि प्रथिनांच्या भुकटीचा डबा मागितला. "बाबा, तुम्ही डबा आणून दिलात तर होईल सगळं," असे तो म्हणाला. मी त्यास म्हटले, "डब्याचे मागाहून पाहू. आधी तू आणि मी दोघेही कागद घेऊन बसू."

कागदावर प्रथम चरबीचा हिशेब केला. शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. आता दिवसाच्या आहारातून २५० उष्मांक कमी केले, तर तीस दिवसांत साडेसात हजार होतात. म्हणजे कागदावर महिन्यास एक किलो. प्रत्यक्षात त्याहूनही थोडे कमीच उतरते, कारण वजन घटू लागले की शरीरही काटकसरी गृहिणीप्रमाणे खर्चास हात आखडता घेते. हे कळल्यावर 'एका महिन्यात दहा किलो' अशा जाहिरातींचे मोल आपोआप कळते. दहा किलो चरबी म्हणजे ७७,००० उष्मांक. तीस दिवसांत तेवढे जाळावयाचे तर रोज अडीच हजारांहून अधिक. माझ्यासारख्या मनुष्याच्या दिवसभराच्या अन्नातच जेमतेम तेवढे उष्मांक असतात! म्हणजे महिनाभर पाण्यावर राहावयाचे आणि त्यातून जगून वाचावयाचे.

मग २५० उष्मांक कोठून काढावयाचे? मी दिवसातून चार पेले चहा घेतो आणि प्रत्येकात दोन चमचे साखर. आठ चमचे म्हणजे ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० उष्मांक. प्रत्येक पेल्यातला एक चमचा काढला की ८० वाचले. संध्याकाळी चहाबरोबर मूठभर फरसाण जाते, त्याचे १५० च्या आसपास. ते बंद केले. उरलेले रात्रीच्या जेवणानंतर चालून पुरे करावयाचे. भाकरी सोडली नाही, भात सोडला नाही, उपास धरला नाही. ध्येय असे ठरविले की, सहा महिन्यांत चार किलो. ह्यात सहा किलो धरता आले असते. परंतु दिवाळीत शेजाऱ्यांकडून येणारा फराळ आणि नाताळात आमच्या घरी होणाऱ्या करंज्या ह्यांना मी दोन महिने सूट दिली. ज्या हिशेबात सणासुदीस जागा नाही, तो हिशेब पहिल्याच सणाला बुडतो. चार किलो म्हणजे माझ्या वजनाचा विसावा भाग. एवढेच उतरले तरी रक्तातील साखर व रक्तदाब ह्यांत सुधारणा दिसू लागते, असे वैद्यकाचे सांगणे आहे.

परंतु केवळ वजनकाट्यावर विसंबून चालत नाही, आणि हे आपणां भारतीयांस विशेष लागू आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ह्याविषयी मोठे कार्य केले आहे. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळील खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालके सरासरीने पावणेतीन किलोच्या आतबाहेर, म्हणजे इंग्लंडातील बालकांहून पुष्कळ हलकी होती. तथापि त्यांचे स्नायू जेवढे कमी होते, तेवढी चरबी कमी नव्हती. दिसावयास कृश, आतून मेदयुक्त. पुढे २००४ साली 'लॅन्सेट' ह्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिकांनी आपले इंग्रज स्नेही डॉ. युडकिन यांच्यासमवेत स्वतःचेच छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. देहभारांक दोघांचाही २२.३. परंतु अंगातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. काटा दोघांस एकच आकडा सांगत होता. शरीरे मात्र दोन होती.

म्हणूनच आम्ही काट्याबरोबर शिंप्याची फीतही घेतली. आपल्या लोकांत पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर ह्यांच्या पलीकडे गेली की सावध व्हावे, असे मान आहे. फीत दर रविवारी, एकाच वेळी, एकाच जागी लावावयाची, आणि आकडा दिनदर्शिकेवर लिहावयाचा. रोज मोजू नये. सकाळ-संध्याकाळच्या वजनात किलोभराचा फरक केवळ पाण्याने व अन्नाने पडतो आणि मन विनाकारण हर्ष-खेद करीत बसते. पाण्याचे हे वजन किती फसवे असते, ते २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये साऱ्या देशाने पाहिले. विनेश फोगाट यांनी ५० किलो गटात अंतिम फेरी गाठली होती. आदल्या रात्रभर त्यांनी वजन उतरविण्याची पराकाष्ठा केली, तरी सकाळी १०० ग्रॅम अधिक भरले आणि त्यांना अपात्र ठरविण्यात आले. त्यांच्या पराक्रमास ह्याने काही उणेपणा येत नाही. परंतु एवढे मात्र निश्चित की, एका रात्रीत उतरते ते पाणी, चरबी नव्हे.

आता उभारणीकडे वळू. स्नायू कसा वाढतो? त्याच्यावर नेहमीपेक्षा थोडा अधिक भार पडतो, त्याच्या तंतूंना ताण बसतो, मग विश्रांती व अन्न मिळाले म्हणजे शरीर ते तंतू पूर्वीपेक्षा किंचित जाड करून बांधते. म्हणजे बांधकाम व्यायामाच्या वेळी होत नाही. ते पुढे झोपेत होते. पहिल्या काही आठवड्यांत बळ वाढते ते बहुतांशी मज्जातंतू स्नायूंस अधिक शिस्तीने कामास लावू लागतात म्हणून. आकार तेव्हा फारसा बदलत नाही. नवशिक्या तरुणाच्या अंगावर महिन्यास अर्धा किलो स्नायू चढला, तरी ते पुष्कळच म्हणावयाचे. त्यातून पंधराव्या वर्षी उंची वाढत असते. शरीराचा पुष्कळसा माल तिकडे खर्ची पडतो. दहा आठवड्यांत सदरा फाटण्याजोगी छाती व्हावी, ही गोष्ट कागदावर मांडताच आमच्या चिरंजिवांच्या ध्यानी आली, आणि त्याचे तोंड उतरले.

तेव्हा मी त्यास खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. कराडजवळील गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये ५२ किलोच्या गटात उतरला आणि सहावा आला. चार वर्षांनी, १९५२ साली हेलसिंकीत, तो त्यावरच्या ५७ किलोच्या गटात लढला आणि कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दोन गटांमधले अंतर पाच किलोंचे, आणि मध्ये चार वर्षांची मेहनत! बालपणापासून तालमीत घाम गाळलेल्या मल्लाची ही कथा. मग आपण दहा आठवड्यांत काय मागावे?

आम्ही असे ठरविले की छातीचा घेर हे ध्येय नव्हेच, कारण तो किती वाढावा हे आपल्या हाती नाही. हाती आहे ते कार्य. चिरंजीव तेव्हा एका दमात नीट सहा जोर काढीत; आडव्या दांडीस लोंबकळून हनुवटी दांडीवर नेणे त्यांस एकदाही साधत नव्हते. ध्येय लिहिले: दहा आठवड्यांत बारा जोर आणि एक वेळ हनुवटी दांडीवर. आठवड्यातून तीन दिवस जोर, बैठका आणि दांडी. मधले दिवस खेळ. रात्री दहाच्या आत अंथरूण, कारण ह्या वयास आठ ते दहा तास झोप हवी. जोराची संख्या आठवड्यास एकाने वाढवावयाची, आणि कंबर वाकू लागली की तो जोर मोजावयाचा नाही, हा नियम त्याने स्वतःच घातला.

भुकटीच्या डब्याचा हिशेबही त्याच कागदावर झाला. सामान्य प्रौढ मनुष्यास वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसास सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात. अंगमेहनत करणाऱ्यास व वाढत्या मुलास थोडी अधिक. ४७ किलोच्या मुलास किलोमागे सव्वा ग्रॅम धरली तरी साठ ग्रॅमच्या आत काम भागते. दोन पेले दूध तेरा ग्रॅम, दोन अंडी बारा, वाटीभर घट्ट मटकीची उसळ सात-आठ, मूठभर शेंगदाणे सात, तीन ज्वारीच्या भाकऱ्या पंधरा, वरणाची वाटी पाच. बेरीज साठाच्या घरात गेली! अर्थात भाकरी टाकणे म्हणजे बांधकामावरील विटा फेकून देण्यासारखे होते. ती त्याच रात्री ताटात परत आली, आणि डब्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. आपला जिल्हा दुधासाठी प्रसिद्ध आहे आणि साखरेसाठीही; सहकारी साखर कारखानदारीचा पाया प्रवरेच्या काठी लोणीसच घातला गेला. स्नायूंचे अन्न आणि चरबीचे अन्न दोन्ही आपल्याच शिवारातून येतात. कोणते किती घ्यावे, एवढाच विवेक आपणांकडे राहतो.

येथे मुलींना व त्यांच्या मातांना दोन शब्द सांगणे अवश्य वाटते. वाढत्या वयात सडपातळ होण्यासाठी डबा न खाता परत नेणे, सकाळची न्याहारी टाळणे, असे प्रकार अलीकडे कानी येतात. ह्या वयात हाडे घट्ट व्हावयाची असतात, रक्त भरावयाचे असते; उपासाने चरबीआधी हीच कामे अडतात. जोर-बैठका काढल्याने मुली पुरुषी दिसतील ही भीतीही निराधार आहे. मुलगा असो वा मुलगी, दिवसास एक तास अंग हलते राहावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वाढत्या मुलाचे वजन खरोखरच अधिक असेल, तर ते उतरविण्याचा बेत पालकांनी डॉक्टरांस विचारून करावा. मुलाने स्वतः करू नये. पुष्कळदा उंची वाढू देणे आणि वजन आहे तेथे थोपविणे, एवढे पुरते.

कालावधीचा विचार करताना लोकमान्यांचे उदाहरण आठवते. १८७३ साली बाळ गंगाधर टिळक डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा त्यांची प्रकृती तोळामासा होती. त्यांनी ते पहिले वर्ष शरीर कमावण्यास दिले. तालीम, पोहणे आणि त्यास साजेसा आहार हाच त्यांचा अभ्यास झाला. परीक्षेच्या दृष्टीने ते वर्ष गेले. आमच्या चिरंजिवांनी ही गोष्ट ऐकून नापास होण्यास थोरांचा आधार शोधू पाहिला, म्हणून खुलासा करतो. घेण्याजोगी गोष्ट नापास होणे ही नव्हे. घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या तरुणाने महिन्याची नव्हे तर वर्षाची मुदत ठरविली, तिचे मोल आधी ओळखले आणि ते चुकते केले. पुढे मंडालेच्या सहा वर्षांच्या कारावासात त्या शरीरास जे सोसावे लागले, ते पाहता तो सौदा महाग पडला असे कोण म्हणेल?

आता फलश्रुती. दहा आठवडे झाले तेव्हा चिरंजिवांचे चौदा जोर झाले, हनुवटी एकदा दांडीवर गेली, आणि वजन जेमतेम सहाशे ग्रॅम वाढले. सदरा होता तोच राहिला. मात्र संमेलनात मुलांनी कवायतीचा मनोरा रचला, त्यात व्यायामशिक्षकांनी त्यास खालच्या रांगेत उभे केले, आणि दोन मुलांचा भार त्याच्या खांद्यांवर असताना त्याचे पाय हलले नाहीत. आज अकरा महिन्यांनी बावीस जोर होतात, हनुवटी चार वेळा वर जाते. उंची चार सेंटिमीटर आणि वजन तीन किलो वाढले आहे. माझे वजन साडेचार किलोंनी उतरले. त्यातील शेवटचा किलो पहिल्या तिघांहून अधिक हट्टी निघाला. कंबर ९८ वरून ९१ वर आली; नव्वदीच्या आत अद्याप नाही. साखर १०२ झाली आहे. शंभराच्या आत तीही नाही. परंतु गेल्या महिन्यात शहरापलीकडील डोंगरावर आम्ही चांदबिबीच्या महालापर्यंत, म्हणजे वस्तुतः सलाबतखानाच्या कबरीपर्यंत, पायथ्यापासून चालत गेलो. वाटेत कोठे न बसता मी वर पोहोचलो, आणि तेथे उभे राहून बोलण्याइतका श्वास माझ्यापाशी शिल्लक होता.

ह्या सर्वांतून मला जे उमगले ते थोडक्यात असे. ध्येय दोन प्रकारचे असते. 'माझी कंबर इतकी व्हावी' हे फळाचे ध्येय. 'आज चहात एक चमचा कमी, आज रात्री चालणे, आज एक जोर अधिक' हे कामाचे ध्येय. पहिले दिशा दाखविण्यापुरते असावे. रोज सकाळी उठून पुरे करावयाचे ते दुसरे. फळ कोणास लवकर येते, कोणास उशिरा. ते आईबापांकडून आलेल्या अंगलटीवर, वयावर व झोपेवर अवलंबून असते, आणि शेजारच्या मुलाशी तुलना करून त्यात तिळभरही फरक पडत नाही. कामाच्या ध्येयात मात्र हातचलाखीस जागा नाही. ते केले किंवा केले नाही, एवढाच त्याचा जमाखर्च.

प्रेषित पौलाने शरीरास पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले आहे. मंदिर एका रात्रीत उभे राहत नाही, आणि त्याची डागडुजीही कधी संपत नाही. ह्या सुटीत प्रत्येक घरी एक कागद, एक फीत आणि एक दिनदर्शिका एवढे साहित्य काढावे. बाप व मुलगा, आई व मुलगी एकत्र बसोत. आपल्याला काय पाडावयाचे आणि काय उभारावयाचे, त्यास किती महिने द्यावयाचे, आणि त्यापायी काय सोडावयाचे, हे लिहोत. पहिल्या आठवड्यासाठी इतके लहान काम निवडावे की, ते न करण्यास सबब सापडू नये. आमच्या घरच्या दिनदर्शिकेवर पुढच्या रविवारच्या चौकटीत दोन आकडे लिहिलेले आहेत: तेवीस आणि नव्वद. पहिला त्याचा, दुसरा माझा. पहिला बहुधा साधेल. दुसऱ्यास आणखी काही रविवार लागतील असे दिसते, आणि तेवढे देण्यास मी तयार आहे.